परक्याचा पैसा आणि गांवचें काम

तालुक्याच्या एखाद्या रुग्णालयांत आपण कधीं गेलां असाल, तर एखाद्या खोलीच्या दाराशेजारीं भिंतींत बसविलेली संगमरवरी पाटी आपल्या नजरेस पडली असेल. वर दांतेरी चाकाचें चिन्ह, खालीं आपल्याकडील एका रोटरी क्लबाचें नांव, त्याखालीं परदेशांतल्या कुठल्या तरी शहराच्या दुसऱ्या क्लबाचें नांव, आणि सर्वांत खालीं 'रोटरी फाउंडेशनच्या साहाय्यानें' अशी एक ओळ. ती वाचून बहुतेकांची समजूत अशी होते कीं, कांहीं सधन मंडळी एकत्र आली, त्यांनीं खिशांत हात घातला आणि यंत्र आणून ठेवलें. वस्तुस्थिति इतकी सोपी नाहीं. पाटीवरील त्या तीन नांवांच्या मागें पुष्कळ दिवसांचा पत्रव्यवहार, दोन देशांतल्या दोन समित्या, बँकेचें स्वतंत्र खातें, दरपत्रकें आणि हिशेबाचे कागद असतात. हा पैसा कोठून येतो, तो कसा मागावा लागतो आणि हातीं आल्यावर कसा सांभाळावा लागतो, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

सेवा-क्लब या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्था अनेक आहेत. लायन्स क्लबांची संघटना अमेरिकेंत १९१७ सालीं निघाली व तिचें अनुदान देणारें प्रतिष्ठान १९६८ पासून काम करीत आहे. प्रत्येक संघटनेचे नियम निराळे. परंतु सर्वांचें थोडें थोडें सांगण्यापेक्षां एकाच घराची वाट नीट दाखविलेली बरी, म्हणून मी रोटरीचें उदाहरण घेतों.

पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं शिकागो शहरांत तीन स्नेह्यांसह पहिली बैठक भरविली. पुढें बैठका आळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरूं लागल्या, म्हणून 'फिरती' या अर्थाचें रोटरी हें नांव पडलें. कलकत्त्याच्या क्लबास १९२० सालीं मान्यता मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ सालीं स्थापन झाला. निधीची कल्पना १९१७ सालची. त्या वर्षीं अटलांटा येथील अधिवेशनांत आर्च क्लम्फ यांनीं जगांत सत्कार्य करण्यासाठीं एक कायम निधि असावा अशी सूचना मांडली. पुढच्या वर्षीं कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून पहिली देणगी आली, ती २६ डॉलर ५० सेंटची! १९२८ सालीं या निधीस रोटरी फाउंडेशन हें नांव मिळालें आणि १९३० सालीं त्यांतून पहिलें अनुदान बाहेर पडलें : अपंग मुलांसाठीं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेस ५०० डॉलर. कल्पना निघाल्यापासून पहिली रक्कम देईपर्यंत तेरा वर्षें गेलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आजच्या नियमांतला सावधपणा त्याच घराण्यांतला आहे. याच निधीनें १९७९ सालीं फिलिपाइन्समधील सुमारें साठ लक्ष मुलांना पोलिओची लस देण्याच्या कामास हात दिला, आणि त्या वाटेनें जें कार्य वाढत गेलें त्याचें फळ आपल्या देशानेंही पाहिलें. जानेवारी २०११ मध्यें हावडा जिल्ह्यांतल्या एका बालिकेनंतर भारतांत त्या रोगाचा नैसर्गिक रुग्ण सांपडला नाहीं, व मार्च २०१४ मध्यें आपला विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

आतां पैशाचा उगम पाहूं. जगभरचे सभासद वार्षिक निधींत देणग्या देतात. त्या लगेच खर्च होत नाहींत; तीन वर्षें गुंतवून ठेवल्या जातात. मुदत भरल्यावर शेंकडा पांच इतका अंश व्यवस्थेसाठीं बाजूस काढून उरलेल्या रकमेचे दोन सारखे वांटे होतात. एक वांटा जागतिक निधींत जातो. दुसरा, ज्या जिल्ह्यांतून देणगी आली त्या जिल्ह्याच्या नांवें जमा राहतो. येथें जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे, हें सांगितलें पाहिजे. कित्येक क्लब मिळून रोटरीचा एक जिल्हा होतो, आणि त्यास नांवाऐवजीं आंकडा असतो.

या जमेंतून दोन प्रकारचीं अनुदानें मिळतात. पहिलें जिल्हा-अनुदान. जिल्ह्याच्या नांवें जमलेल्या रकमेचा निम्म्यापर्यंत भाग या कामीं वापरतां येतो. शाळेस बांकें, वाचनालयास पुस्तकें, पूरग्रस्तांस भांडीं, असलीं लहान व लवकर उरकणारीं कामें त्यांतून होतात. निर्णय जिल्ह्यांतच होतो आणि फारसा खल होत नाहीं. दुसरें जागतिक अनुदान, आणि खरी परीक्षा तेथें आहे. काम निदान ३०,००० डॉलर खर्चाचें असलें पाहिजे. जेथें काम व्हावयाचें त्या देशांतला एक क्लब किंवा जिल्हा आणि दुसऱ्या देशांतला एक, अशा दोघांनीं मिळून अर्ज करावा लागतो. काम शांतता, रोगनिवारण, पाणी व स्वच्छता, माता व बालकांचें आरोग्य, प्राथमिक शिक्षण, लोकांची आर्थिक उन्नति आणि पर्यावरण या सात क्षेत्रांपैकीं एकांत बसलें पाहिजे. यांपैकीं पर्यावरण हें क्षेत्र २०२१ सालीं नव्यानें दाखल झालें.

आंकड्यांचा कंटाळा येत नसेल तर एक हिशेब करून पाहूं. समजा, काम ४५,००० डॉलरचें आहे. आपल्या जिल्ह्यानें आपल्या जमेंतून १०,००० दिले. परदेशांतल्या जिल्ह्यानेंही तितकेच दिले. जिल्ह्यांच्या या २०,००० डॉलरवर जागतिक निधि आपली भर घालतो. पूर्वी ही भर रुपयास रुपया अशी होती. १ जुलै २०२१ पासून ती शेंकडा ऐशीं झाली. म्हणजे १६,००० मिळाले. एकूण ३६,००० झाले. राहिलेले ९,००० दोन्ही क्लबांच्या सभासदांनीं रोखीनें उभे करावयाचे. रोख रकमेवर पूर्वी निम्मी भर मिळे, ती २०२० सालीं बंद झाली. उलट ती रक्कम फाउंडेशनमार्फत पाठविली तर व्यवस्थेपोटीं शेंकडा पांच अधिक द्यावे लागतात, म्हणजे या उदाहरणांत ४५० डॉलर. शिवाय वर्गणीचा कांहीं ठराविक भाग परदेशांतून आलाच पाहिजे असा दंडक आहे. यावरून दिसेल कीं, 'अनुदान' या शब्दानें जो फुकट पैशाचा भास होतो तो खरा नाहीं. अर्ज करणाऱ्यास स्वतः हात सैल सोडावा लागतो, आणि ज्याचें तोंडही पाहिलें नाहीं अशा परदेशस्थ क्लबास तेंच करावयास लावावें लागतें.

हा परदेशस्थ भागीदार मिळतो कसा? कांहीं ठिकाणीं अधिवेशनांतल्या ओळखी उपयोगीं पडतात. कोठें आपल्या गांवाहून जाऊन तिकडे स्थायिक झालेला एखादा डॉक्टर वा अभियंता तेथील क्लबाचा सभासद असतो व त्याच्यामुळें धागा जुळतो. परंतु ओळख निघाली म्हणजे काम झालें असें नाहीं. दोन्ही बाजूंस निदान तिघांची समिति नेमावी लागते, दोघांनाही सह्या कराव्या लागतात, आणि हिशेबाची जबाबदारीही दोघांवर सारखी असते. तेव्हां परदेशांतला शहाणा क्लब आधीं प्रश्न विचारतो. पुष्कळ वेळां आपल्या मंडळींना त्यांचा राग येतो. मला वाटतें, त्या प्रश्नांइतकी दुसरी मोठी मदत नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा कीं, हें काम हवें असें कोण म्हणतें? २०१८ सालापासून जागतिक अनुदानाच्या अर्जापूर्वीं गरजेची पाहणी करणें सक्तीचें झालें आहे. ज्यांच्यासाठीं काम व्हावयाचें त्यांच्याशीं बोलून, त्यांच्याजवळ आधीं काय आहे आणि काय नाहीं, हें लिहून द्यावें लागतें. वरवर पाहतां हा आणखी एक कागद वाटतो. परंतु एका उदाहरणानें त्याचें मोल ध्यानीं येईल.

समजा, एका तालुक्याच्या गांवीं मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीं डायलिसिस-केंद्र काढावें असें क्लबाच्या मनांत आलें. कल्पना उत्तम. असा रोगी आठवड्यांतून दोनदां, बहुधा तीनदां यंत्राशीं जोडला जातो, दर खेपेस सुमारें चार तास. त्याच्यासाठीं जिल्ह्याच्या गांवीं एस. टी. नें जावें-यावें लागलें तर रोग्याचा दिवस जातो, सोबत्याची मजुरी बुडते, आणि कांहीं महिन्यांत घर थकून जातें. गांवांतच यंत्र आलें तर केवढी सोय! येथवर कोणाचा मतभेद असण्याचें कारण नाहीं.

आतां पाहणी करावयास निघालेल्या माणसानें पाण्याचा नळ सोडून पाहावा. यंत्रांतून साधारणतः मिनिटास अर्धा लिटर द्रव वाहतो. म्हणजे चार तासांच्या एका खेपेस १२० लिटर अत्यंत शुद्ध केलेलें पाणी लागतें, आणि तितकें शुद्ध पाणी मिळविण्यासाठीं कच्चें पाणी त्याहून बरेंच अधिक घालावें लागतें. पांच यंत्रें रोज दोन पाळ्यांत चाललीं तर शुद्ध पाणीच दिवसास १,२०० लिटर झालें. ज्या प्रांतांत २०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूरकरांसाठीं मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, त्या प्रांतांत हा हिशेब आधीं मांडला नाहीं तर वैशाखांत यंत्रें झांकून ठेवण्याची पाळी येईल. मग विजेचा प्रश्न. मग यंत्र चालविणारा शिकलेला तंत्रज्ञ गांवांत राहावयास तयार आहे कीं नाहीं, हा प्रश्न. त्याचा पगार कोण देणार? दर खेपेस लागणाऱ्या नळ्या, गाळण्या आणि औषधें कोणाच्या पैशानें येणार? सरकारनें २०१६ सालीं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, आणि महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतही या उपचाराचा समावेश आहे. तेव्हां तें रुग्णालय अशा योजनेंत नोंदलेलें असेल तर चालू खर्चाची वाट निघते. नसेल तर आधीं ती नोंदणी, मग यंत्र, असा क्रम लावावा लागतो. आणि हेंही पाहावें लागतें कीं, शेजारच्या गांवीं सरकारनेंच असें केंद्र मंजूर केलेलें नाहीं ना.

आपण म्हणाल, इतक्या शंका काढीत बसलें तर कोणतेंच काम होणार नाहीं. परंतु येथें एक गोष्ट फार जड आहे. बांकें मोडलीं तर मुलें जमिनीवर बसतील. डायलिसिसचें तसें नाहीं. केंद्र निघालें म्हणजे रोगी जिल्ह्याच्या रुग्णालयांतलें आपलें नांव काढून घेतात, तेथील त्यांची पाळी दुसऱ्यास मिळते, आणि त्यांचा जीव या नव्या खोलीवर अवलंबून राहतो. सहा महिन्यांनीं तंत्रज्ञ सोडून गेला आणि दाराला कुलूप लागलें, तर केंद्र मुळींच न निघण्यापेक्षां त्यांची स्थिति वाईट होते. म्हणून अर्जांत जो प्रश्न पुन्हां पुन्हां वेगवेगळ्या शब्दांत येतो, कीं अनुदान संपल्यावर हें कोण चालविणार, त्यास 'रुग्णालयाचे अधिकारी सहकार्य करतील' असलें मोघम उत्तर चालत नाहीं. रुग्णालयाशीं लेखी करार हवा : यंत्र कोणाच्या मालकीचें, दुरुस्तीचा वार्षिक करार कोण करणार, तंत्रज्ञाचा पगार कोणत्या खात्यांतून, शुल्क किती, आणि ज्यास तें परवडत नाहीं त्याचें काय. यंत्राची मालकी क्लबाकडे वा सभासदाकडे राहत नाहीं. ती लाभ घेणाऱ्या संस्थेकडे जाते.

अर्ज आतां टपालानें जात नाहीं, संगणकावर भरला जातो. त्यांत किती लोकांस उपयोग होईल आणि तें कसें मोजणार, हें सांगावें लागतें. 'असंख्य गरजूंना' हा आपल्या भाषणांतला आवडता शब्दप्रयोग तेथें कुचकामी आहे. कांहीं गोष्टींस अनुदान मुळींच मिळत नाहीं. जमीन वा इमारत विकत घेणें, आधींच सुरू झालेलें वा पुरें झालेलें काम, दुसऱ्या संस्थेस 'हवें तसें खर्च करा' म्हणून दिलेली रोख देणगी, हीं सर्व वर्ज्य आहेत. आधीं काम उरकून मग पैसे मागावे, ही आपल्याकडील सार्वजनिक कामांतली संवय येथें सोडावी लागते.

शिवाय अर्ज करण्याची पात्रता क्लबास आपोआप मिळत नाहीं. दरवर्षीं एका तरी सभासदानें जिल्ह्याच्या अनुदान-व्यवस्थापन वर्गास हजर राहावें लागतें आणि चालू अध्यक्ष व नियोजित अध्यक्ष या दोघांनीं एका करारपत्रावर सह्या कराव्या लागतात. मागच्या अनुदानाचा अहवाल थकला असेल तर नव्या अर्जाचें दार बंद.

मंजुरी आली म्हणजे सुरू होतो तो हिशेब. अनुदानासाठीं निराळें खातें उघडावें लागतें, चेकवर दोन सह्या लागतात, आणि शक्य तों सर्व रकमा चेकनें वा बँकेमार्फत द्याव्या लागतात. मोठ्या खरेदीस निदान तीन दरपत्रकें मागवावीं लागतात. या ठिकाणीं एक नाजुक प्रसंग उद्भवतो. रोटरीच्या मूळ घडणींत निरनिराळ्या धंद्यांचीं माणसें एकत्र येतात. त्यामुळें वैद्यकीय यंत्रांचा विक्रेता, नळजोडणीचा कंत्राटदार किंवा रुग्णालयाचा विश्वस्त त्याच क्लबांत आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असण्याचा संभव असतो. तो लबाड असतो असें नव्हे. कदाचित् त्याचाच दर सर्वांत कमी असेल. परंतु त्यानें आपला संबंध आधीं लेखी जाहीर केला पाहिजे आणि निवड होत असतां बाजूस राहिलें पाहिजे. स्नेह्यास 'आपण जरा बाहेर बसा' असें म्हणणें मराठी माणसास फार जड जातें, हें मी जाणून आहें. तें न म्हटल्यामुळें पुढें जो संशय निर्माण होतो तो मात्र स्नेह आणि क्लब दोन्ही मोडतो.

आपल्या देशांत परकीय पैशावर सरकारचेंही लक्ष असतें. परकीय देणग्यांविषयींचा पहिला कायदा १९७६ सालचा. त्याच्या जागीं २०१० चा परकीय अंशदान विनियमन कायदा आला आणि २०२० सालीं त्यांत कडक दुरुस्त्या झाल्या. त्या कायद्याखालीं येणारी परकीय देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेंतल्या खात्यांतच जमा व्हावी लागते, ती दुसऱ्या संस्थेस वर्ग करतां येत नाहीं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा शेंकडा पन्नासावरून वीसवर आली आहे. येथील सभासदांच्या देणग्यांसाठीं रोटरी फाउंडेशन (इंडिया) ही वेगळी नोंदलेली संस्था आहे. आपल्या कामास येणारा पैसा कोणत्या वाटेनें येणार व त्यास कोणता नियम लागणार, हें अर्ज लिहिण्यापूर्वीं सनदी लेखापालास विचारून ठेवणें बरें. पैसा येऊन पडल्यावर विचारणाऱ्यांस उत्तर मिळतें, परंतु तें बहुधा त्यांच्या आवडीचें नसतें.

काम चालू असेपर्यंत दर बारा महिन्यांस अहवाल आणि काम पुरें झाल्यावर दोन महिन्यांत शेवटचा अहवाल, असा नियम आहे. कागदपत्रें निदान पांच वर्षें जपावयाचीं. कायदा अधिक मुदत सांगत असेल तर तितकीं.

आतां या सर्व व्यवस्थेंतला जो खरा दुबळा सांधा आहे त्याविषयीं सांगतों. क्लबाचा अध्यक्ष एका वर्षापुरता असतो. १ जुलैस येतो आणि पुढच्या ३० जूनला उतरतो. जागतिक अनुदानाचें काम मात्र एका वर्षांत आटोपत नाहीं. एकानें पाहणी करावी, दुसऱ्याच्या कारकीर्दींत मंजुरी यावी, तिसऱ्यानें फीत कापावी आणि चौथ्याच्या माथीं शेवटचा अहवाल यावा, असा हा प्रवास असतो. फीत कापणाऱ्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत येतें. अहवाल लिहिणाऱ्याचें येत नाहीं. साहजिकच प्रत्येक अध्यक्षास वाटतें कीं आपल्याच वर्षांत उद्घाटन व्हावें. मग घाई होते, पाहणी थोडक्यांत आटपते, करारावर सही व्हावयाच्या आधीं यंत्राची पेटी येऊन पडते. फाउंडेशनलाही हें ठाऊक असावें. कारण खात्यावर सही करणारा बदलला तर ताबा दुसऱ्याकडे कसा जाईल, हें आधींच लिहून ठेवा असें तें करारपत्र बजावतें.

कांहीं क्लब यावर एक साधा उपाय करतात. अनुदानाची तिघांची समिति ते अध्यक्षाबरोबर बदलत नाहींत. काम संपेपर्यंत तेच तिघे राहतात, आणि दर ३० जूनला नव्या अध्यक्षापुढें एक जाड फाईल ठेवतात. तींत खात्याचा उतारा असतो, तिन्ही दरपत्रकें असतात, रुग्णालयाचा करार, यंत्रांचे क्रमांक, कोणत्या महिन्यांत किती रोग्यांवर किती वेळां उपचार झाले त्याचा तक्ता, आणि पुढच्या अहवालाची तारीख लाल शाईनें. पहिल्या पानावर तंत्रज्ञाचें नांव, आणि तो रजेवर गेला तर त्याच्या जागीं कोण येणार त्याचें.